बारा विद्यापीठांची यादी

"अमेरिकेत बसून पोरांना ऑस्ट्रेलियाला पाठवायचं, हा कसला गं उद्योग?" कराडची माझी वहिनी दर फोनला एकदा तरी हे विचारायची. तिचं चूक नव्हतं. मला स्वतःला तो उद्योग समजायला पहिले सहा महिने लागले होते.

कराडला मी शाळेत गणित शिकवत होते. नवऱ्याच्या नोकरीमागोमाग व्हर्जिनियात, हर्नडनला आले आणि कामाचा परवाना मिळेपर्यंत घरात बसून राहिले. परवाना हातात पडला त्याच महिन्यात निखिलने मला बोलावलं. निखिल नागपूरचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, बोलायला एकदम मोकळा. परदेशी विद्यापीठांत प्रवेश मिळवून देणारं त्याचं छोटं ऑफिस होतं. "ताई, तुम्ही मास्तरीण. पालकांना तुमच्याशी बोलून बरं वाटेल," असं म्हणून त्याने मला ऑस्ट्रेलियाचं टेबल दिलं. त्या टेबलावर मी नऊ वर्षं काढली.

आमच्याकडे येणारी घरं बहुतेक एका साच्यातली. वडील आयटीत, व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत उभे. मुलं इथल्याच शाळेत वाढलेली, मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देणारी. मूल बारावीला आलं की घरात एकदम जाग यायची. अशा मुलांना इथली सरकारी शैक्षणिक मदत मिळत नाही, आणि एकवीस पूर्ण झाली की आईवडिलांच्या व्हिसावरून त्यांचं नाव उतरतं. मग कोणीतरी सांगायचं, कॅनडा बघा, ऑस्ट्रेलिया बघा. ते बघायला लोक आमच्याकडे यायचे.

नमुने काय एकेक! एका आईला असं विद्यापीठ हवं होतं जिथे कोळी आणि साप नाहीत. तिने एका कागदावर विषारी प्राण्यांची नावं लिहून आणली होती आणि प्रत्येक शहरापुढे मी हो किंवा नाही लिहावं अशी तिची अपेक्षा होती. एक काका सगळी मीटिंग संपल्यावर म्हणाले, "सगळं पसंत आहे, फक्त तिथे जर्मन शिकावं लागेल ना?" ते तासभर ऑस्ट्रियाबद्दल ऐकत होते. मी या माणसांना कधी हसले नाही. मूल दूर पाठवताना माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं. अशा वेळी समोर कोणीतरी ठिकाणावर असलेलं लागतं, आणि ते आपण आहोत याचा मला अभिमान होता.

माझ्याकडे एक कागद असायचा. दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चढवलेला, वर ठळक अक्षरात लिहिलेलं: 'परवडणारी बारा विद्यापीठं'. दर जानेवारीत मी त्यावरची फी तपासायची, राहण्याचा खर्च, विम्याचा खर्च, आठवड्यात किती तास काम करता येतं ते, सगळं नव्याने भरायची. एक आकडा चुकू द्यायची नाही. मराठी मंडळात लोक त्याला 'शुभाताईंची यादी' म्हणायचे. "सल्ला फुकट आणि यादी पक्की," असं एकदा कोणीतरी सगळ्यांदेखत म्हणालं, तेव्हा मी वरवर लाजले आणि आतून फुगले.

बारा नावं मात्र मला निखिलने पहिल्या दिवशी दिली होती. ती कुठून आली हे मी कधी विचारलं नाही.

मेई लिन माझ्यासमोर येऊन बसली ती फेब्रुवारीतल्या एका दुपारी. सतरा वर्षांची, चष्मा, केस घट्ट बांधलेले. सोबत तिचे वडील, मिस्टर टॅन. ते मलेशियाचे, कंपनीने चार वर्षांसाठी इथे पाठवलेले. आता कंपनीने इथला विभाग बंद करायचं ठरवलं होतं आणि जूनमध्ये सगळ्या कुटुंबाला परत जायचं होतं. पगार पुन्हा तिथल्या चलनात मिळणार, म्हणजे अमेरिकेतलं विद्यापीठ विसरायचं. ऑस्ट्रेलिया घरापासून जवळ, बघता येईल तर बघू, असा त्यांचा हिशेब.

मुलगी मला पहिल्या मिनिटापासून 'आँटी' म्हणायला लागली. मलेशियात वडीलधाऱ्या बाईला सगळेच आँटी म्हणतात, असं तिने सांगितलं. मला ते आपल्या काकूसारखंच वाटलं. तिची इंग्लिश दोन प्रकारची होती. शाळेची एक, आणि घाईत आली की घरची. घरच्या इंग्लिशमध्ये 'कॅन' म्हणजे हो आणि 'कॅनॉट' म्हणजे नाही, विषय संपला.

"काय शिकायचंय?" मी विचारलं.

"माती," ती म्हणाली.

वडील कसनुसं हसले. तिच्या आजोबांची तिकडे पहांग राज्यात ड्युरियनची बाग होती. ड्युरियन म्हणजे आपल्या फणसाचा काटेरी, उग्र वासाचा भाऊ. काही वर्षांपासून बागेतली झाडं मुळापासून मरत होती, एक गेलं की शेजारचं. आजोबा म्हणायचे पाणी बिघडलं, मामा म्हणायचे औषध खोटं. या मुलीने शाळेच्या प्रयोगासाठी मातीचे नमुने तपासले आणि तिला तोच नाद लागला. मलेशियात ऑस्ट्रेलियन विद्यापीठांच्या शाखा आहेत हे तिला माहीत होतं, तिने त्या बघितल्याही होत्या, पण तिला हवा तो अभ्यासक्रम तिथे सापडला नव्हता.

मी यादी पुढे सरकवली. बारांपैकी शेती शिकवणारी दोन होती, दोन्ही मोठ्या शहरांत, दोन्ही महाग. मी नेहमीच्या सुरात समजावलं, "त्यातल्या त्यात हे बघ." तिने यादीचा फोटो काढला आणि दोघं गेली.

आठ दिवसांनी ती एकटीच आली, लॅपटॉप घेऊन. ऑस्ट्रेलियन सरकारची परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या अभ्यासक्रमांची एक यादी असते, सगळ्यांना खुली, प्रत्येक कोर्सपुढे पूर्ण फी लिहिलेली. मला ती माहीत होती. माझे बारा आकडे मी तिथूनच तर तपासायचे. या मुलीने ती पूर्ण चाळली होती.

"आँटी, हे विद्यापीठ तुमच्या यादीत का नाही?" तिने बोट ठेवलं. आतल्या भागातलं, एका छोट्या गावातलं सरकारी विद्यापीठ.

"लहान गाव आहे," मी ठरलेलं उत्तर दिलं. "शहरात मुलांना बरं पडतं."

"पण आँटी, शहरात माती कुठे असते?"

मी हसले. ती हसली नाही. तिने दुसरं दाखवलं, तिसरं दाखवलं. सगळी तिच्या विषयाची, सगळी माझ्या बारांपैकी कुठल्याहीपेक्षा स्वस्त. मग तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"अजून एक सापडलं. तिथे प्रत्येक विद्यापीठाला त्यांचे एजंट कोण आहेत ते वेबसाइटवर लिहावं लागतं. मी तुमच्या ऑफिसचं नाव शोधलं. तुमच्या यादीतल्या बाराच्या बारा विद्यापीठांच्या पानावर ते आहे. बाहेरची जेवढी बघितली, त्यातल्या एकाच्याही पानावर नाही. हा योगायोग आहे का, आँटी?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. वर्गात हुशार मूल हात वर करून फळ्यावरची चूक दाखवतं, तसा तो स्वर होता. मी आयुष्यभर अशा मुलांचं कौतुक केलं. त्या क्षणी मात्र माझ्या कानात नुसती घंटा वाजत होती. "मी बघून सांगते," एवढं कसंबसं म्हणाले आणि तिला वाटेला लावलं.

वॉशरूममध्ये जाऊन दार लावलं आणि फोनवर स्वतः तपासलं. पहिलं विद्यापीठ, नाव आहे. दुसरं, आहे. तिसरं, आहे. पाचव्यानंतर खरं म्हणजे थांबायला हरकत नव्हती, पण मी बाराव्यापर्यंत गेले. कमिशन ही गोष्ट जगात असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते 'बोगस एजंट' घेतात, आपलं ऑफिस तसलं नाही, असं मी धरून चालले होते. कोणी मला तसं सांगितलंही नव्हतं. मीच धरलं होतं.

निखिल त्याच्या खोलीत डबा खात होता. मी दार लोटलं आणि उभ्या उभ्याच विचारलं, "आपली बारा विद्यापीठं कशी निवडली?"

"म्हणजे?"

"कमिशन देतात ती निवडली ना?"

त्याचा घास हातातच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर पकडलं गेल्याची लाज नव्हती. तो चक्क थक्क झाला होता.

"ताई, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"नाही."

"अहो, आपण पोरांकडून एक डॉलर घेत नाही. नऊ वर्षं तुमचा पगार कुठून येतो असं वाटलं तुम्हाला?"

मी गणिताची बाई. आत येणारं आणि बाहेर जाणारं जुळलं पाहिजे हे मी कराडला सातवीच्या पोरांना शिकवलं होतं. हे एवढं सोपं गणित मी नऊ वर्षं मांडलंच नव्हतं.

"आपण वर 'परवडणारी' लिहितो, निखिल."

"परवडणारीच आहेत. एकही बोगस नाही. 'सगळ्यात परवडणारी' असं कुठे लिहिलंय?" मग त्याचा आवाज मऊ झाला. "काहून एवढं टेन्शन घेता, ताई? सगळी लाइनच अशी चालते यार."

त्याचं खोटं नव्हतं. लाइन तशीच चालते, आणि कायद्याने त्यात काही गैर नाही. तो माणूस वाईट नव्हता, आजही नाही. त्याने मला कधी काही लपवायला सांगितलं नव्हतं. मी न विचारल्यामुळे त्याला लपवावंच लागलं नाही.

पुढचे दोन शनिवार मी आणि मेई लिन गावातल्या वाचनालयात बसलो, निखिलला सांगून, ऑफिसच्या बाहेर. पहिल्यांदा मी हे काम जसं करायला हवं तसं केलं. वाचणाऱ्यांपैकी कोणाला उपयोग होईल म्हणून सांगते. पहिल्या वर्षाची फी बघू नका, कोर्स संपेपर्यंतची बघा, कारण ती दर वर्षी वाढते. फीपेक्षा कधी कधी घरभाडंच जास्त मारतं, म्हणून गाव आधी निवडा आणि इमारत नंतर. मार्कांवर आपोआप मिळणारी सवलत वेगळी आणि स्पर्धेतून मिळणारी वेगळी. दुसरीवर घर चालवू नका. अमेरिकन शाळेचा नुसता दाखला पुरतो की वर आणखी परीक्षा लागते, ते प्रत्येक विद्यापीठाला लिहून विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. आणि ज्या देशात परत जायचंय तिथे ही पदवी मानतात का, हे सगळ्यात आधी.

यातली शेवटची गोष्ट माझ्या यादीत कधी नव्हतीच. ती मेई लिनने घातली. "मला परत जायचंय ना, आँटी," ती म्हणाली. आमच्याकडे येणाऱ्यांत परत जायचंय असं म्हणणारं मूल मी पहिल्यांदा बघितलं.

तिला त्या छोट्या गावातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, मार्कांवरची सवलतही मिळाली. मिस्टर टॅन पत्र घेऊन आले तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. मला तो सोडवून घ्यावासा वाटला. जुलैत ती तिकडे गेली. ऑगस्टमध्ये तिचा फोटो आला, कोपरापर्यंत लाल चिखल, आणि खाली एकच शब्द, 'कॅन'.

ऑफिसात मी निखिलला एवढंच म्हटलं, यादीच्या वर एक ओळ घाल, 'या विद्यापीठांकडून आम्हाला कमिशन मिळतं.' मला वाटलं भांडण होईल. त्याने त्याच दिवशी ओळ घातली, ठळक. आणि मग मला दुसरा धक्का बसला. कोणी ती वाचेना. मी बोट ठेवून वाचून दाखवायची, तर पालक म्हणायचे, "हो हो, ते असतंच. तुम्ही सांगा ना काकू, कुठलं घेऊ?" ओळ खरी होती, पण लोक वाचत होते माझा चेहरा. दोन महिने मी तसं केलं आणि राजीनामा दिला.

पण त्याआधी, वाचनालयातले शनिवार चालू असतानाच, मी जुन्या फायली काढल्या होत्या. नऊ वर्षांची मुलं. बरीचशी नीट मार्गी लागलेली, हे खरं आहे आणि ते मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते. मग ओजसची फाइल आली.

ओजस माझ्या मैत्रिणीचा, माधवीचा मुलगा. ती आणि मोहन हर्नडनला आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायचे. नंतर मोहनला नोकरी मिळाली म्हणून ते नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला गेले. सहा वर्षांपूर्वी ओजसला मी बारांपैकी एका विद्यापीठात कॉम्प्युटर शिकायला पाठवलं होतं. दीड वर्षात तो सोडून परत आला. फायलीत माझ्याच अक्षरात शेरा होता: 'मुलगा टिकला नाही.'

मी माधवीला फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या वाक्यालाच तिने मला थांबवलं.

"कमिशनचं ना? माहितीये गं आम्हाला."

"कधीपासून?"

"ओजस आला तेव्हापासून. इथे एकांनी सांगितलं सगळं कसं चालतं ते."

साडेचार वर्षं. तेवढ्या काळात ती माणसं दोनदा आमच्याकडे राहून गेली होती. माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी माधवी चार दिवस माझ्या स्वयंपाकघरात उभी होती. एका शब्दाने बोलली नव्हती.

"आणि मला बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? पोटासाठी सगळेच काहीतरी करतात, असं मोहन म्हणाला. म्हटलं जाऊ दे, मैत्रीण आहे."

म्हणजे इतकी वर्षं ती मला सगळं जाणूनबुजून केलेली बाई समजत होती, आणि तशा बाईला पोळ्या लाटून घालत होती. फोन ठेवला. मग नवऱ्याला म्हटलं, मी कॅरीला जाते.

पुढच्या रविवारी एकटीने ड्राइव्ह करत गेले. माधवीने उपमा केला होता. मी डिश हातात न घेता आधी सगळं सांगितलं, मुलीच्या लॅपटॉपपासून निखिलच्या डब्यापर्यंत. मला माहीत नव्हतं, खरंच माहीत नव्हतं, असं दोनतीनदा तरी म्हणाले असेन.

माधवी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे आम्ही साडेचार वर्षं तुला भलत्याच गोष्टीसाठी माफ करत बसलो." ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. "पण शुभा, तू काय खात्रीने बोलायचीस गं. माहीत असतं तर जरा तरी चाचरली असतीस."

तेवढ्यात ओजस रविवारची पाळी संपवून आला. आता चोवीस वर्षांचा. परत आल्यावर, तो एकविसाचा व्हायच्या आधी, घराचं ग्रीन कार्ड आलं होतं. मग त्याने इथल्याच कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं शिकून एका औषध कंपनीत नोकरी धरली होती. इंजेक्शनच्या बाटल्या भरायच्या मशीनवर. त्याला सगळं पुन्हा सांगितलं.

"It's okay, काकू. I'm good now," तो म्हणाला. आणि तो खरंच बरा दिसत होता.

"तिथे नेमकं काय झालं होतं? मी तेव्हा विचारलंच नाही."

त्याने बूट काढले, बसला. "मेन कॅम्पस दुसऱ्या शहरात होता. आमचा म्हणजे ऑफिस बिल्डिंगमधला एक मजला. खाली जिम. लेक्चर चालू असताना वजनं पडायची, धाड धाड. लॅब नाही, अर्धे टीचर ऑनलाइन. पहिल्याच आठवड्यात मी बाबांना व्हिडिओ पाठवला. नंतर अजून दोनदा सांगितलं. सोडतो म्हटलं. बाबा म्हणाले, काकूंनी स्वतः चेक केलंय. You adjust. मग केलं ना ॲडजस्ट, दीड वर्ष."

मोहन खिडकीपाशी बसला होता. मी आल्यापासून तो जेमतेम दोन शब्द बोलला असेल. आता त्याने माझ्याकडे न बघता, मुलाकडे बघत सांगितलं, "मला वाटलं, हा अभ्यास टाळायला खोटं बोलतोय. व्हिडिओ बघूनसुद्धा वाटलं. तुम्ही चुकाल, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही."

उपमा गार झाला होता. माधवीने उठून माझी डिश उचलली, पुन्हा गरम करून आणली आणि माझ्या हातात दिली. मी ती सगळी संपवली.